व्हीआरएसचं दशक

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला आता कपातीसाठी किंवा टाळं लावण्यासाठी सरकारची परवानगी लागत नाही. आधी ही मर्यादा १०० होती. बातमी वाचून नवल वाटलं नाही, संताप मात्र झाला. परवानगीची ही भिंत मालकांनी कधीच ओलांडली होती. ठाण्यातल्या एका इंजिनिअरिंग कंपनीच्या पर्सोनेल खात्यात बसून मी ते रोज पाहत होतो.

१९७६ साली परवानगीची अट आली तेव्हाही आकडा ३०० च होता, १९८४ पासून तो १०० झाला. त्याच सुमाराच्या मुंबईतल्या गिरणी संपावर पुष्कळ लिहून झालंय. मला बोलायचंय ते १९९१ नंतरच्या दहा वर्षांबद्दल.

कपातीची परवानगी सहसा मिळत नसे, म्हणून कंपन्यांनी ऐच्छिक निवृत्तीची, म्हणजे व्हीआरएसची, वाट धरली. मिळणाऱ्या रकमेवर ५ लाखांपर्यंत आयकर माफ होता. दहा वर्षं नोकरी किंवा वयाची चाळिशी झाली, की माणूस पात्र. योजना नोटीस बोर्डावर लागायची, पण नावांची यादी त्याआधीच साहेबांच्या टेबलावर असायची. युनियनच्या कमिटीतले बोलके लोक, आजारपणाच्या रजा झालेले, प्रेस शॉपच्या आवाजानं कान गेलेले. एकेकाला आत बोलावायचे. बावीस वर्षं लेथवर काढलेला एक कामगार म्हणाला, "साहेब, घरी विचारून उद्या सांगतो." त्याला उत्तर मिळालं, "पाचपर्यंत सही कर, उद्या योजना असेलच असं नाही." जे अडून बसले त्यांना रिकाम्या शेडमध्ये कामाविना बसवलं, नाहीतर परराज्यातल्या डेपोवर पाठवलं. हे करणाऱ्या साहेबांची पुढे मॅनेजमेंटच्या संस्थांमधून माणसं कशी सांभाळावीत यावर व्याख्यानं झाली. त्याची चीड आजही गेलेली नाही.

करमाफीच्या नियमात आणखी एक अट होती: रिकामी झालेली जागा पुन्हा भरायची नाही. ती कागदावर पाळली गेली. त्याच मशिनवर कंत्राटदाराची पोरं निम्म्याहून कमी पगारात उभी राहिली. कंत्राटी पद्धतीवर बंदी आली तर कामगार आपोआप मूळ कंपनीचा होईल, ही आशा सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानं दिली होती. २००१ च्या निकालानं ती काढून घेतली.

त्या दशकात गेलेल्या नोकऱ्या सगळ्यांना दिसल्या. कामगार कल्याण अधिकारी गेला, हे फारसं कुणी बोललं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यानं ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात तो सक्तीचा केला होता. पगार कंपनीचाच, पण कामगाराविरुद्धचं शिस्तभंगाचं प्रकरण त्यानं हाताळू नये आणि मालकाच्या वतीनं न्यायाधिकरणात उभं राहू नये, असं बऱ्याच राज्यांच्या नियमांत होतं. आमच्याकडच्या अधिकाऱ्याला कुणाच्या घरी कोण आजारी आहे हे ठाऊक असे, आणि प्रॉडक्शन मॅनेजरला तोंडावर नाही म्हणायची धमक त्याच्यात होती. व्हीआरएसच्या काळात त्याच माणसाच्या हाती राजीनाम्यांचे कोरे फॉर्म दिले गेले. चौकशी करणारा, सही घेणारा आणि गाऱ्हाणं ऐकणारा एकच झाल्यावर कामगारानं जायचं कुणाकडे?

नंतरची वर्षं अप्रेझल, बेल कर्व्ह आणि सॉफ्टवेअरची. पुण्याजवळच्या हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांतली पोरं आज सांगतात, की एचआरवाले व्हिडिओ कॉलवर बोलावून म्हणतात, राजीनामा लिहून दे, नाहीतर रिलीव्हिंग लेटर विसर. युक्ती तीच आहे. कपात केली तर कामगाराला दर वर्षाच्या नोकरीमागे १५ दिवसांचा पगार द्यावा लागतो, आणि नव्या संहितांप्रमाणे पुनर्कौशल्य निधीतही १५ दिवसांचा पगार भरावा लागतो. राजीनामा लिहून घेतला की यातलं काहीच द्यायला नको.

नव्या संहितांनी कल्याण अधिकाऱ्यासाठीची मर्यादा २५० वर आणली आहे, ही चांगली गोष्ट आहे. महाराष्ट्र सरकारनं ही पदं खरोखर भरून घ्यावीत आणि त्यांना शिस्तभंगाच्या कामापासून दूर ठेवावं. एचआरमध्ये काम करणाऱ्या तरुणांनो, तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: कुणाचीही सही घेण्याआधी तो कागद त्याला घरी नेऊ द्या, आणि वाचायला निदान एक आठवडा द्या.