गंभीर आजारानंतरचा घरगुती व्यायाम : ग्रामीण संदर्भातील एक विचार

प्रस्तावना :

रुग्णालयातून सुटी मिळाली म्हणजे रुग्ण बरा झाला, असा समज समाजात रूढ आहे. वस्तुतः रोग हटणे आणि शक्ती परतणे या दोन वेगळ्या प्रक्रिया होत. २०२० व २०२१ मधील कोरोनाच्या लाटांनंतर हा भेद घरोघरी अनुभवास आला. अणदूरसारख्या गावात व्यायामोपचारासाठी वारंवार सोलापूर वा धाराशिव गाठणे सर्वांना परवडत नाही. म्हणून घरीच करावयाच्या व्यायामाचे स्वरूप स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विश्रांतीची मर्यादा :

दीर्घ विश्रांती निरुपद्रवी नसते. १९६६ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना वीस दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले, तेव्हा त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सरासरी एक चतुर्थांशाहून अधिक घटली. भारतात १९५६ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या क्षयरोगविषयक अभ्यासाने घरी राहून औषधे घेणारे रुग्ण आरोग्यधामातील रुग्णांइतकेच बरे होतात, हे दाखवून दिले. मात्र याचा अर्थ लगेच शेतात उतरावे असा नव्हे. आपल्याकडे एकीकडे 'अजिबात हलू नको' असा आग्रह, तर दुसरीकडे रोजगार बुडतो म्हणून आठवड्यातच हाती खुरपे, अशी दोन टोके दिसतात. दोन्ही घातक आहेत.

व्यायामाची मात्रा :

औषधाप्रमाणे व्यायामालाही मात्रा असते. कोरोनोत्तर पुनर्वसनासाठी जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत पाच टप्पे सुचविले असून प्रत्येक टप्प्यावर किमान सात दिवस थांबण्यास सांगितले आहे. प्रारंभी श्वसनाचे व्यायाम व घरातल्या घरात सावकाश चालणे, नंतर हलकी घरकामे, पुढे भरभर चालणे व जिने चढणे, असा हा क्रम आहे. साधनांची वाण नाही. खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला तळहात टेकून रेटा देणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे एवढेही पुरते. मोजमापही सोपे आहे. आरंभीच्या टप्प्यांत चालताना सलग वाक्य बोलता आले पाहिजे. उन्हाळ्यात व्यायाम सकाळीच उरकावा.

छातीत दुखणे, भोवळ, मळमळ वा धाप वाढल्यास तत्काळ थांबून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. श्रमानंतर काही तासांनी वा दुसऱ्या दिवशी थकवा बळावत असेल, तर जिद्दीने पुढे रेटणे हानिकारक ठरते. अशा वेळी हालचाल कमी करणे हाच उपचार होय. हृदयविकार, पक्षाघात वा शस्त्रक्रियेनंतर तर वैद्यकीय परवानगीशिवाय आरंभ करू नये.

स्थानिक आधार :

एकट्याने केलेला व्यायाम लवकर सुटतो. डॉ. शशिकांत अहंकारी यांनी उभारलेल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने ग्रामीण स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून प्रशिक्षित केले. गावातील व्यक्ती आरोग्याची राखणदार होऊ शकते, हे त्यातून सिद्ध झाले. हेच सूत्र पुनर्वसनासही लागू पडते. आशा कार्यकर्ती, राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी व शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक यांनी डॉक्टरांच्या मार्गदर्शनाखाली रुग्णाची आठवड्याची नोंद ठेवली, तरी पुष्कळ साधेल.

निष्कर्ष :

आजारातून उठलेल्या माणसास सक्तीची विश्रांती नको आणि घाईही नको. त्याला हवी ती मोजून वाढविलेली हालचाल. कर्त्या माणसाला कामावर परतण्यापूर्वी हे आठवडे मिळवून देणे ही कुटुंबाची, तशीच महाविद्यालयासारख्या संस्थांचीही जबाबदारी आहे.