उत्तेजक चाचणीवर किती विसंबावे?

पॉवरलिफ्टिंगच्या मंचाभोवती तीन पंच बसलेले असतात. खेळाडूने वजन उचलले की त्यांच्यापुढील कळ दाबली जाते. दोन पांढरे दिवे लागले तर उचल ग्राह्य, दोन तांबडे लागले तर बाद. बैठकीत मांडी पुरेशी खाली गेली की नाही, बेंच प्रेसमध्ये कोपर पूर्ण सरळ झाले की नाही, डेडलिफ्टमध्ये गुडघे ताठ झाले की नाही, हे सारे शेकडो डोळ्यांदेखत घडते. म्हणूनच त्या निर्णयावरचा वाद फार काळ टिकत नाही. मात्र जी ताकद दिसली, ती घाम गाळून कमावलेली की सुईतून मिळवलेली, हे सांगणारा दिवा मंचावर नसतो. तो निर्णय कित्येक दिवसांनी, दूरच्या प्रयोगशाळेतून, लघवीच्या एका लहानशा नमुन्यावरून येतो. तो निर्णय कितपत भरवशाचा आहे, हा प्रश्न आता केवळ खेळाडूंचा राहिलेला नाही. ज्यांच्या घरातील मुलगा किंवा मुलगी रोज संध्याकाळी व्यायामशाळेत जाते, त्या प्रत्येक कुटुंबाचा तो प्रश्न झाला आहे.

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगररांगांच्या बाजूला वसलेले धावडा घ्या किंवा त्यासारखे दुसरे कोणतेही गाव घ्या. शेतीवर चालणाऱ्या घरातील मुलाला अंगातील ताकद हे स्वतःचे भांडवल वाटते. पोलीस भरती, सैन्य भरती, आणि खेळात नाव काढले तर शासकीय नोकरीतील खेळाडूंसाठीचे पाच टक्के आरक्षण, या साऱ्या वाटा शरीरातून जातात. ‘लवकर तयार व्हायचे’ या घाईतूनच पुढे डबे, गोळ्या आणि सुया यांचा प्रवेश होतो.

नमुना कसा घेतला जातो

जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा, १९९९ मध्ये स्थापन झाली. भारतातील राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे नाडा, २००५ मध्ये आली आणि २०२२ च्या राष्ट्रीय कायद्याने तिला वैधानिक आधार मिळाला. चाचणी स्पर्धेच्या वेळी होते, तशीच सरावाच्या काळात न कळवताही होते. अधिकाऱ्याच्या नजरेसमोर खेळाडूला किमान ९० मिलिलिटर लघवी द्यावी लागते. ती ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्यांत ओतून खेळाडूसमक्ष मोहोरबंद केली जाते. प्रयोगशाळेकडे नाव जात नाही, केवळ क्रमांक जातो. ‘अ’ बाटलीत बंदी असलेले द्रव्य आढळले, तर खेळाडूला ‘ब’ बाटली उघडून तपासण्याची मागणी करता येते.

या तपासणीतील यंत्रे अतिशय सूक्ष्मदर्शी आहेत. एका मिलिलिटरमध्ये एका ग्रॅमच्या अब्जांशाहूनही कमी असलेले द्रव्य ती ओळखू शकतात. एखादे कृत्रिम स्टेरॉइड सापडले, तर ते खरोखरच तेथे होते यावर शास्त्रज्ञांत सहसा दुमत होत नाही. प्रश्न उभे राहतात ते यंत्राच्या अलीकडे आणि पलीकडे.

‘काही आढळले नाही’ याचा अर्थ

अहवालात काही आढळले नाही, याचा अर्थ खेळाडूने काही घेतले नाही असा होतोच असे नाही. त्या दिवशीच्या त्या नमुन्यात, त्या काळी ठाऊक असलेल्या पद्धतींनी काही सापडले नाही, एवढेच तो अहवाल सांगतो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील महिलांच्या ६३ किलो गटातील भारोत्तोलन स्पर्धा याचे बोलके उदाहरण आहे. कॅनडाच्या क्रिस्टीन गिरार्डला तेथे कांस्यपदक मिळाले होते. जपून ठेवलेले नमुने पुढे अधिक प्रगत पद्धतींनी तपासले गेले, तेव्हा तिच्या पुढच्या दोन्ही खेळाडू दोषी ठरल्या आणि २०१८ मध्ये सुवर्णपदक तिच्या गळ्यात पडले. नमुने दहा वर्षांपर्यंत पुन्हा तपासता येतात, म्हणून हा न्याय झाला. पण तो सहा वर्षे उशिरा झाला.

स्वतःच्या शरीरातही असणारे टेस्टोस्टेरॉन बाहेरून घेतले, तर ते ओळखणे अधिक अवघड असते. त्यासाठी एकाच चाचणीवर न थांबता खेळाडूच्या अनेक वर्षांच्या नमुन्यांची नोंद ठेवली जाते. तिला खेळाडूचे जैविक पारपत्र म्हणतात. आपल्याच पूर्वीच्या नोंदींशी न जुळणारे चढउतार दिसले की तज्ज्ञ चौकशी करतात. अर्थात, ज्याचा नमुना कधी घेतलाच नाही, त्याचे पारपत्र कोठून तयार होणार? २०२३ साली भारतात सर्व खेळांचे मिळून ५,६०६ नमुने तपासले गेले. एवढ्या मोठ्या देशात हा आकडा किती अपुरा आहे, हे सांगावयास नको. जिल्हा पातळीवरील स्पर्धेत नमुना घेणारा अधिकारी क्वचितच दिसतो. तरीही त्या मोजक्या नमुन्यांपैकी सुमारे ३.८ टक्के नमुन्यांत बंदी असलेली द्रव्ये आढळली. मोठ्या प्रमाणावर चाचण्या घेणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वाधिक होते.

‘आढळले’ याचा अर्थ

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. द्रव्य आढळले, एवढ्यावरून ते शरीरात का आणि कसे आले, हे कळत नाही. मुंबईचा क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याचा नमुना फेब्रुवारी २०१९ मध्ये इंदूर येथील स्पर्धेदरम्यान घेतला गेला. त्यात टर्ब्युटालिन आढळले. हे श्वासनलिका रुंदावणारे औषध खोकल्याच्या अनेक साध्या औषधांत असते. खोकल्याचे औषध घेतल्याने हे घडले, हा त्याचा खुलासा भारतीय क्रिकेट मंडळाने मान्य केला. तरीही आठ महिन्यांचे निलंबन टळले नाही. आपल्या शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, हे या नियमांचे मूळ सूत्र आहे. हेतू निर्मळ असेल तर शिक्षा कमी होते, पण दोष पुसला जात नाही.

सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेला नरसिंग यादव याचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे आहे. रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर, २५ जून २०१६ रोजी घेतलेल्या त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिनोन हे स्टेरॉइड आढळले. कोणीतरी कट करून आपल्या अन्नपाण्यात ते मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. नाडाच्या शिस्तपालन समितीने ते मान्य करून १ ऑगस्टला त्याला दोषमुक्त केले. वाडाने त्याविरुद्ध क्रीडा लवादाकडे दाद मागितली. द्रव्याचे प्रमाण पाहता ते पाण्यात विरघळवलेल्या भुकटीतून नव्हे, तर गोळीच्या रूपात पोटात गेले असावे, असे तज्ज्ञांचे मत पडले. लढतीच्या आदल्या दिवशी, १८ ऑगस्टला, लवादाने चार वर्षांची बंदी घातली. नमुना तोच, अहवालही तोच. केवळ त्याच्या अर्थावरून दोन निर्णय पूर्णपणे भिन्न झाले.

तिसरे प्रकरण मणिपूरची भारोत्तोलक संजीता चानू हिचे. २०१७ च्या अखेरीस घेतलेल्या तिच्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉन आढळल्याचे २०१८ मध्ये जाहीर झाले. कागदपत्रांतील नमुना क्रमांकांत तफावत असल्याचे तिने दाखवून दिले. अखेर २०२० मध्ये, नमुन्यांच्या विश्लेषणात सुसंगती नसल्याच्या कारणावरून तिच्यावरील आरोप मागे घेतला गेला. मधली उमेदीची वर्षे मात्र परत आली नाहीत. पुढे २०२२ मध्ये घेतलेल्या वेगळ्या नमुन्यात ड्रोस्टॅनोलोन आढळून तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. नंतरच्या दोषामुळे आधीची चूक योग्य ठरत नाही, आणि आधीच्या अन्यायामुळे नंतरचा दोष नाहीसा होत नाही. प्रत्येक नमुना स्वतंत्रपणे तोलावा लागतो, हाच या प्रकरणाचा धडा.

प्रयोगशाळाही चुकू शकते, हे आपल्या देशाने अनुभवले आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय उत्तेजक चाचणी प्रयोगशाळेची मान्यता वाडाने ऑगस्ट २०१९ मध्ये निकषांची पूर्तता न झाल्यामुळे निलंबित केली. ती डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा मिळाली. त्या काळात आपले नमुने परदेशी पाठवावे लागले. यावरून चाचणी निरुपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तपासणाऱ्यावरही तपासणीस नेमलेला आहे, हीच या व्यवस्थेची खरी ताकद होय.

जेथे चाचणी पोहोचत नाही

पॉवरलिफ्टिंग हा बिरादरीचा खेळ आहे. प्रतिस्पर्धी अडखळला तर त्याच्या खांद्यावरील दांडा धरायला दुसऱ्याच तालमीची मुले उभी असतात, आणि शेवटच्या प्रयत्नाला सारे सभागृह एकाच आवाजात हुरूप देते. परंतु याच खेळाने उत्तेजकांच्या प्रश्नावर स्वतःची फाळणीही पाहिली आहे. आंतरराष्ट्रीय महासंघ १९७२ मध्ये स्थापन झाला आणि पुढे त्याने वाडाची संहिता स्वीकारली. दुसरीकडे अमेरिकेत १९८० च्या दशकापासून चाचणी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या अशा वेगवेगळ्या संघटना उभ्या राहिल्या. म्हणून एखाद्या विक्रमाची बातमी वाचताना तो कोणत्या संघटनेच्या स्पर्धेतील आहे, हे पाहणे अगत्याचे असते. समाजमाध्यमांवरील पिळदार देह पाहून आपल्या मुलाची तुलना करणाऱ्या पालकांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

चाचणीचा धाक जेथे नाही, तेथे दोनच गोष्टी उरतात: तालमीतील सचोटी आणि घरातील जागरूकता. आपल्या जुन्या तालमींत वस्तादाचा शब्द अखेरचा असे आणि पठ्ठ्याच्या खुराकाची जबाबदारी वस्तादावर असे. आजचा प्रशिक्षक त्या जागेवर बसला आहे. त्याच्याच हातून डबा आणि गोळी येत असेल, तर दिल्लीची प्रयोगशाळा कितीही अचूक असली तरी काय उपयोग?

शरीर मात्र नोंद ठेवते

चाचणी चुकवता येते, शरीराला चुकवता येत नाही. स्टेरॉइडमुळे हितकारक कोलेस्टेरॉल घटते, अहितकारक वाढते, रक्तदाब चढतो आणि हृदयाच्या भिंती जाड होतात. गोळीच्या रूपातील अनेक स्टेरॉइड यकृताला इजा करतात. बाहेरून संप्रेरक मिळू लागले की शरीर स्वतःचे उत्पादन थांबवते. परिणामी वृषण आक्रसतात, शुक्रजंतू घटतात आणि वंध्यत्व येऊ शकते. वाढत्या वयातील मुलांत हाडांची टोके वेळेआधी जुळून उंची खुंटते. मुलींमध्ये आवाज घोगरा होतो आणि तो बहुधा पूर्ववत होत नाही. औषध थांबवल्यावर येणारे नैराश्य हा दुर्लक्षित, पण गंभीर धोका आहे.

अलीकडे महाराष्ट्रात पोलिसांनी अनेक ठिकाणी पकडलेले मेफेन्टरमिनचे इंजेक्शन हा आणखी एक घातक प्रकार. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिल्यावर घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी डॉक्टरांनी वापरायचे हे औषध आहे. व्यायामशाळेत ते ‘जोर येण्यासाठी’ टोचले जाते. त्याने हृदयाची गती आणि रक्तदाब एकदम वाढतात, सवय जडते आणि भ्रम होण्यापर्यंत मानसिक विकार उद्भवू शकतात. सुई एकमेकांत वापरली गेली, तर कावीळ ब व क आणि एचआयव्ही यांची भीती वेगळीच.

घरातील माणसांनी काय करावे

• मुलगा स्पर्धेत उतरत असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. सर्दी-खोकल्याचे औषधही स्वतःच्या मनाने देऊ नये. नाडाच्या ‘नो युवर मेडिसिन’ या मोबाइल ॲपवर औषध बंदीच्या यादीत आहे का, हे पाहता येते.

• दमा, मधुमेह यांसारख्या आजारांत बंदी असलेले औषध अपरिहार्य असेल, तर उपचारासाठी सूट मिळवण्याचा रीतसर अर्ज करता येतो. डॉक्टरांची चिठ्ठी आणि तपासणीचे कागद जपून ठेवावेत.

• वाडा किंवा नाडा कोणत्याही सप्लिमेंटला ‘सुरक्षित’ असा शिक्का देत नाही. वेष्टनावरील अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक म्हणजे उत्तेजकमुक्त असल्याची हमी नव्हे. वेष्टनावर न लिहिलेली द्रव्येही डब्यात असू शकतात.

• ताकदीचा व्यायाम करणाऱ्या निरोगी व्यक्तीला दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे साधारण १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. दूध, दही, अंडी, डाळी, उसळी, शेंगदाणे आणि सोयाबीन यांतून ती बहुतांशी घरच्या ताटातच मिळतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

• थोड्याच आठवड्यांत वजन व स्नायू झपाट्याने वाढणे, पाठीवर पुटकुळ्या, चिडचिड, निद्रानाश, मुलाच्या छातीला सूज, ही लक्षणे दिसल्यास रागावण्याऐवजी विश्वासात घेऊन विचारावे. कोणतेही संप्रेरक चालू असेल, तर ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच थांबवावे.

• नमुना देण्याची वेळ आलीच, तर बाटल्यांवरील आणि अर्जावरील क्रमांक स्वतः ताडून पाहावा, मागील सात दिवसांत घेतलेली प्रत्येक गोळी व भुकटी अर्जावर नोंदवावी, आणि अर्जाची प्रत सांभाळून ठेवावी. हा खेळाडूचा हक्क आहे.

उत्तेजक चाचणीवर विसंबावे ते डोळसपणे. ती पुरावा देते. हेतू ओळखत नाही, आणि जेथे ती घेतलीच जात नाही तेथे ती काहीच करू शकत नाही. गावाकडच्या व्यायामशाळेत बैठका मारणाऱ्या मुलाचा नमुना कदाचित कधीच घेतला जाणार नाही. म्हणूनच त्याच्या हातात कोणी काही ठेवले, तर ‘हे काय आहे?’ हा प्रश्न प्रथम त्याने स्वतः विचारला पाहिजे, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर नकार देण्याचे बळ त्याला घराने दिले पाहिजे.