मिशनच्या दोन शतकांचा हिशेब: जालन्याच्या बेथेलपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत

२००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती होते १०,५८,३१३. २०११ मध्ये १०,८०,०७३. दहा वर्षांत भर पडली २१,७६० जणांची, म्हणजे जेमतेम २ टक्के. त्याच दशकात राज्याची लोकसंख्या १६ टक्क्यांनी वाढली. ख्रिस्ती समाज त्याच वेगाने वाढला असता तर तो सव्वाबारा लाखांवर गेला असता. प्रत्यक्षात सुमारे दीड लाख माणसं कमी भरतात. लोकसंख्येतला वाटा १.०९ टक्क्यांवरून ०.९६ टक्क्यांवर आला.

मिशनरी आले आणि गावंच्या गावं बाटवली, असं बोललं जातं. मिशनच्या बाजूनेही तेवढ्याच जोरात सुगीची वर्णनं लिहिली गेली. दोन्हींची परीक्षा घ्यायची तर आकड्यांकडेच जावं लागतं.

मराठी मुलखात प्रॉटेस्टंट मिशनचा आरंभ १८१३ चा. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे दोन अमेरिकन त्या वर्षी मुंबईत उतरले. स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये कोकणात आले. त्यांच्याच परंपरेतले जे. मरे मिचेल १८३८ मध्ये मुंबईला पोचले. मराठी संतकवींचा त्यांनी अभ्यास केला आणि त्यांच्यावर लिहिलंही. निवृत्तीनंतर, वयाची ऐंशी उलटल्यावर, १८९९ मध्ये त्यांनी ‘इन वेस्टर्न इंडिया’ हे आठवणींचं पुस्तक काढलं. ते मुंबईत उतरले त्याला तेव्हा एकसष्ट वर्षं झाली होती. त्या एकसष्ट वर्षांत त्यांच्या चर्चची मायदेशात जी मोडतोड झाली, तिची झळ जालन्यापर्यंत आली.

१८ मे १८४३ रोजी एडिंबरामध्ये चर्च ऑफ स्कॉटलंड फुटलं. सुमारे बाराशे पाळकांपैकी साडेचारशेच्या वर बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापन केलं. भांडण होतं पाळकाची नेमणूक कोणी करायची, जमीनदार आश्रयदात्याने की मंडळीने. भारतातले त्या चर्चचे सगळे मिशनरी फ्री चर्चकडे गेले. त्यामुळे मुंबईतल्या मिशनच्या शाळेची नवी इमारत जुन्या चर्चकडे राहिली आणि तिथले मिशनरी डॉ. विल्सन आणि मरे मिचेल यांना पुन्हा नव्याने मांडामांड करावी लागली.

त्याच वर्षी सप्टेंबरात नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत बारा वर्षांच्या आसपासचा होता आणि तोही मिशनऱ्यांकडे राहत होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि मुलगा वडिलांच्या हवाली झाला. पुढे त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावं की नाही, यावर मुंबईच्या ब्रह्मवृंदात रण पेटलं. बाळशास्त्री जांभेकर मुलाला परत घेण्याच्या बाजूने ठाम उभे राहिले आणि त्यासाठी त्यांनी मनस्ताप सोसला. एका घरातला एक भाऊ कायमचा गेला आणि दुसऱ्याला परत येताना दार उघडेना. नारायणाला मात्र एक गोष्ट न मागता मिळाली, ती म्हणजे पंथ. स्कॉटलंडच्या जमीनदारांशी त्याचा काय संबंध? पण तो फ्री चर्चचा झाला.

हेच रेव्हरंड नारायण शेषाद्री १८६० च्या दशकात जालन्यात कामाला लागले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून त्यांनी जमीन मिळवली आणि जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. मराठवाड्यातलं हे काम एका मराठी माणसाने चालवलं, हे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत फारसं येत नाही. वस्तीला आलेले लोक गावकुसाबाहेरचे, बरेचसे मांग समाजातले होते. बाप्तिस्मा हवाच, पण त्याबरोबर राहायला जागा, कसायला जमीन आणि मुलांना शाळा हवी, हे शेषाद्रींनी ओळखलं होतं. १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय ख्रिस्ती परिषदेत ते पागोटं घालून बोलले. १८९१ मध्ये ते गेले.

आमचं तीर्थपुरी घनसावंगी तालुक्यात, समर्थांच्या जांबेच्या शेजारी आहे. या भागातल्या जुन्या माणसांना मिशन म्हटलं की जालन्याचं मिशन हॉस्पिटल आठवतं. तिथे गेलेल्या रुग्णांची नोंद धर्माच्या रकान्यात होत नाही. मायदेशी पाठवायच्या अहवालात मात्र मोजले जात बाप्तिस्मे.

आता त्या अहवालांतले आकडे पाहू. भारतातले देशी प्रॉटेस्टंट १८७१ मध्ये होते २,२४,२५८ आणि १८८१ मध्ये ४,१७,३७२. दशकात वाढ ८६ टक्के. पुढच्या नऊ वर्षांत, १८९० पर्यंत, आकडा ५,५९,६६१ वर गेला, म्हणजे वाढ ३४ टक्के. पहिल्या दशकात १८७६ ते ७८ चा दुष्काळ येतो, आणि नगरच्या खेड्यांत बाप्तिस्म्यांची रांग याच काळात लागली. याला पोटासाठी धर्म विकणं म्हणणाऱ्यांनी दुसरा आकडाही बघावा. १८८१ च्या त्या सव्वाचार लाखांपैकी प्रभुभोजनाला पात्र सभासद होते १,१३,३२५, म्हणजे जवळपास २७ टक्के. यात मुलं आणि शिकाऊ होतीच, पण मंडळीत पूर्ण स्थान मिळायला अट होती आणि थांबावंही लागत होतं.

याहून मोठा आकडा १९५६ नंतरचा. १९५१ मध्ये महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ मध्ये २७,८९,५०१. ज्या वस्त्यांत मिशनने शंभर वर्षं घालवली, त्यांतल्याच असंख्य लोकांनी डॉ. आंबेडकरांच्या मागे पाच वर्षांत बौद्ध होण्याचा निर्णय घेतला. १९६१ मध्येच राज्यातले सगळे ख्रिस्ती, किनारपट्टीचे जुने कॅथलिक धरून, साडेपाच लाखांच्या वर होते. मला यात मिशनच्या मर्यादेची सगळ्यात स्पष्ट नोंद दिसते. मिशनने दलितांना शाळा आणि दवाखाना दिला, पण निर्णयाची सूत्रं परक्यांच्या हाती ठेवली. नारायण वामन टिळकांनी हे आतून पाहिलं होतं. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांत टिळक वारले.

जनगणनेत धर्माच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’ लिहायला दलित कुटुंब कचरतं, त्याचं मोठं कारण कायदा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. शिखांना तो १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये मिळाला. ख्रिस्ती दलित अजून बाहेर आहेत. जात बदलत नाही आणि सवलत मात्र जाते. यावर के. जी. बालकृष्णन आयोग २०२२ मध्ये नेमला गेला.

पंथांचा हिशेब आणखी कडू आहे. जालन्याची स्कॉटिश मंडळी जागची हलली नाही, पण वरची पाटी बदलत राहिली: १८४३ च्या फुटीतून आलेलं फ्री चर्च, १९०० मध्ये युनायटेड फ्री चर्च, १९२४ मध्ये युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. या शेवटच्या एकीची बोलणी १९२९ मध्ये सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्च एकत्र आली. एक्केचाळीस वर्षं लागली. एवढं करून अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐन वेळी बाहेर राहिले. कॅथलिकांची घडी वेगळी. जालना ज्यात येतो तो औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ चा.

एकी झाली तरी मालमत्ता एक झाली नाही. या एकीत सामील झालेल्या गुजरातेतल्या ब्रदरन चर्चचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २००५ मध्ये एक निकाल लागला आणि २०१३ मध्ये दुसरा. ठराव करून विलीन झालो असं म्हटल्याने जुन्या विश्वस्त संस्थेची मिळकत आपोआप नव्या चर्चकडे जात नाही, असं न्यायालयाने सांगितलं. नागपूरच्या एकीला दुसऱ्या निकालाच्या वेळी जवळपास त्रेचाळीस वर्षं झाली होती. मिशन कंपाउंडच्या जमिनी शहरांच्या मधोमध आल्यापासून असे वाद वाढतच गेले आहेत, आणि वकिलांची फी शेवटी दानपेटीतूनच जाते.

मंडळीच्या सभासदांनी आपल्या पास्टरेट कमिटीकडे दोन कागद मागावेत: मिळकतींची यादी आणि गेल्या पाच वर्षांचा कोर्टखर्च. वार्षिक सभेत दोन्ही मोठ्याने वाचून दाखवायला सांगावेत.