बुडालेला रोज कोणी भरून द्यावा?

वाचकहो, जबलपूरच्या विजय नगरात एकाच घरी राहणाऱ्या दोन भावांची कल्पना करा. थोरला रेल्वेच्या कचेरीत कारकून, धाकटा चौकातल्या कापडदुकानात नोकर. एका रात्री दोघांनाही ताप भरतो. थोरल्याच्या नावे दर वर्षी वीस दिवसांची अर्धपगारी रजा जमा होते. वैद्यकीय दाखला दिल्यास तिच्या निम्मे दिवस पूर्ण पगारही मिळतो. तो निश्चिंतपणे अंथरुणात राहतो. धाकट्याच्या दुकानात मात्र चारच माणसे. गेले नाही तर रोज बुडतो, म्हणून तो तापातच सदरा चढवून बाहेर पडतो.

मालकावर सक्ती करावी, असे आपणांस सहज वाटेल. परंतु दुकानदारही विचारील, "आजाऱ्याला पगार द्यायचा आणि त्याच्या जागी आलेल्या बदलीलाही, तर गल्ल्यात उरणार काय?" सारा भार एकाच मालकावर पडला, तर तो अशक्त माणसाला कामावर घेण्यासच कचरेल, हीही भीती आहे.

यावर जर्मनीने १८८३ साली विम्याचा मार्ग काढला. आपल्याकडे प्रा. बी. पी. अदारकर यांनी १९४४ साली कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना सादर केली. त्या वेळी मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. १९४८ साली राज्य कर्मचारी विमा कायदा झाला. परंतु आरंभ मोजक्याच शहरांत व्हायचा होता. तेथील कारखानदारांनी हरकत घेतली : आम्हीच वर्गणी भरावी आणि अन्य शहरांतील प्रतिस्पर्ध्यांनी मोकळे राहावे, हा न्याय कोणता? तेव्हा १९५१ साली कायदा सुधारून देशभरच्या कारखानदारांवर वर्गणी बसविण्यात आली. पुढे २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. ओझे सर्वांनी वाटून घेतले, तेव्हाच ते उचलले गेले.

१ जुलै २०१९ पासून मालकाची वर्गणी वेतनाच्या ३.२५ टक्के आणि कामगाराची ०.७५ टक्के ठरली. अटी पूर्ण करणाऱ्या आजारी कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते. मात्र सर्वसाधारणपणे पहिले दोन दिवस लाभाविना जातात, आणि सक्ती आहे ती दहा वा अधिक माणसे असलेल्या ठिकाणीच. म्हणजे धाकटा भाऊ तिच्या बाहेरच राहिला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने लहान दुकानांसाठीही दार ठेवले आहे. पण तेथे मालक आणि बहुसंख्य नोकर या दोघांची संमती लागते.

आजारपणाचा खर्च कोणालाच चुकत नाही. मालकाने दिला नाही, विम्याने दिला नाही, तर तो घरच्या धान्याच्या डब्यातून आणि मुलांच्या फीमधून वसूल होतो. तेव्हा आपल्या घरातील कोणी नवी नोकरी धरील, त्या वेळी पगाराच्या आकड्याबरोबर विम्याची आणि आजारपणाच्या रजेची चौकशी अवश्य करावी. आणि आपल्याच दुकानात चार माणसे कामाला असतील, तर संमतीचा पहिला शब्द आपणच का उच्चारू नये?