पुढचा पेपर बाराला

अकराची घंटा होते आणि फाटकाबाहेरची सगळी माणसं एकदम उभी राहतात. सतरंजीवर बसलेली, गाडीच्या बॉनेटला टेकलेली, टपरीपाशी अर्धा कप चहा घेऊन रेंगाळणारी. डिसेंबरातला शनिवार, पुण्यातल्या एका शाळेचं आवार. डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजची प्रवेशपरीक्षा चालू आहे. नाव कॉलेजचं असलं तरी ती शाळाच, आठवीपासूनची. आत बसलेली मुलं सातवीतली, बारा-साडेबारा वर्षांची. दीड तासाचं गणित आत्ता संपलं. सामान्य ज्ञान बाराला, तासभराचं. मग अडीच ते साडेचार इंग्रजी. एका दिवसात साडेचार तास हाताने लिहायचं आणि मधल्या वेळात आमच्यासारख्या मोठ्या माणसांच्या तावडीत राहायचं.

माझी बहीण नर्स आहे, तिला आज ड्यूटी बदलून मिळाली नाही. म्हणून भाचीबरोबर मी, मावशी. पिशवीत दहीभाताचा डबा, दोन केळी, राजगिऱ्याचे लाडू, पाण्याच्या बाटल्या आणि जुनी चादर. पुस्तक एकही नाही. बहिणीने चालू घडामोडींची वही घातली होती, ती मी रात्रीच काढून तिच्या उशाशी ठेवली. सकाळी तिला कळलं असणार, पण फोन आलेला नाही.

मुलं बाहेर येतात. सकाळी स्वेटरात आखडलेली होती, आता स्वेटर कमरेला बांधलेले. प्रत्येकाच्या तोंडावर पहिला प्रश्न येऊन आदळतो, कसा गेला? काही जण "बरा" म्हणतात आणि त्या "बरा"च्या मागे लगेच दुसरा प्रश्न येतो, किती सुटले? एक आई तर मुलाच्या खांद्यावरचा हात न काढताच विचारते, "ते नळ आणि टाकीचं आलं होतं का?" आलं होतं. मुलाचा चेहरा सांगतो की आलं होतं.

भाची येते, माझ्याकडे न बघता बाटली घेते आणि घटाघटा पाणी पिते.

"मावशी, शेवटचं राहिलं."

"बरं. आधी बाथरूमला जाऊन ये, रांग वाढतेय."

ही रांग फार महत्त्वाची आहे, हे कुठल्याच मार्गदर्शक पुस्तकात लिहिलेलं नसतं. मुलींसाठी उघडं ठेवलेलं स्वच्छतागृह एकच. मिलिटरी कॉलेजात मुलींना प्रवेश मिळू लागला तो 2022 पासून. त्यामुळे या परीक्षेच्या गर्दीत त्या अजून थोड्या आहेत, पण एका दारापुढे त्याही पुष्कळ होतात. अकरा ते बारा हा तास घड्याळातला. पावणेबाराला आत जायचं, म्हणजे उरला पाऊण तास. त्यातली दहा मिनिटं रांगेत गेली. आता ज्याला उजळणी करायची त्याने खुशाल करावी.

करणारे आहेतच. झाडाच्या पाराशी साताऱ्याकडच्या एका अकादमीची मुलं गोलात बसली आहेत, सगळ्यांचे निळे ट्रॅकसूट एकसारखे. त्यांचे सर मधे उभे राहून प्रश्न टाकतात आणि मुलं एका सुरात उत्तर देतात. पहिले सीडीएस कोण? जनरल बिपिन रावत. पहिलं परमवीर चक्र? मेजर सोमनाथ शर्मा, 1947, बडगाम. पुढचा प्रश्न. सोमनाथ शर्मा याच कॉलेजात शिकले होते, मुलं ज्याच्यासाठी घाम गाळतायत त्याच आवारात तेही कधीतरी बारा-तेरा वर्षांचे होते, हे सर सांगत नाहीत. ते प्रश्नात येत नाही ना!

सर वाईट माणूस नाही. पहाटे निघून एवढी मुलं त्यांनी वेळेत आणली, प्रत्येकाच्या खिशात प्रवेशपत्राची जादा झेरॉक्स घातली, एकाचं पेन गळत होतं तर आपलं काढून दिलं. पण मुलं गप्प बसलेली त्यांना बघवत नाहीत. गप्प मूल म्हणजे वाया चाललेली फी, असा काहीसा हिशेब त्यांच्या डोक्यात असावा.

भाची परत येते. अर्धं केळं खाते, अर्धं मला देते. मी तिचा उजवा हात मांडीवर घेऊन अंगठ्याच्या मुळाशी दाबत बसते. बोटांच्या पेरांवर पेनाचा खळगा पडलाय. शाळेत ही मुलं एका दिवसात एकच पेपर लिहितात, हाताला याची सवय नसते. डोक्याची तयारी वर्षभर होते आणि अंगठ्याची कुणी करत नाही.

"तुम्ही मालिश करताय का?" शेजारच्या सतरंजीवरून एक मुलगा विचारतो. आष्टीहून आलाय, बीड जिल्ह्यातून, वडिलांबरोबर. रात्रीच्या एस्टीने येऊन पहाटे वाकडेवाडीला उतरले, तिथेच नळावर तोंड धुतलं आणि सरळ इथे. वडील पाठीखाली पंचा टाकून आडवे झालेत. मुलगा आपला हात पुढे करतो. मी त्याचाही अंगठा दाबून देते.

मग दोघं भेंड्या सुरू करतात, गावांच्या. सातारा. राजापूर. रत्नागिरी. रिसोड. डहाणू. इथे भांडण. णवरून गाव नसतं, म्हणून न घ्यायचा, असं भाची म्हणते. तो म्हणतो, मग तू हरलीस. शेवटी न ठरतो. नेवासा. सेलू. लोणावळा, आणि पुन्हा तेच भांडण ळवरून. अकादमीतली दोन मुलं गोलात बसल्या बसल्या इकडे कान लावतात आणि त्यातला एक न राहवून ओरडतो, "लातूर!" सर वळून बघतात. तेवढ्यात फाटक उघडतं.

बारा ते एक आम्हाला काही काम नाही, त्यामुळे आम्ही बोलतो. पालकांच्या बोलण्यात एकेक आकडा फिरत असतो. गणित 200, इंग्रजी 125, सामान्य ज्ञान 75, पुढे गेलं तर मुलाखत 50. गणित आणि सामान्य ज्ञान इंग्रजीत लिहा नाहीतर हिंदीत, मराठीची सोय नाही. परीक्षा वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि डिसेंबरात. प्रवेशाच्या वेळी वय साडेअकराच्या खाली नको आणि तेराच्या वर नको. देशभरातून दर सहा महिन्यांना घेतात ती मुलं एका वर्गात मावतील एवढीच. प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते 1922 साली सुरू झालेली ही शाळा. जनरल थिमय्या इथले, जनरल बेवूर इथले. लष्करी नोकरीतून निवृत्त झालेले एक आजोबा ही नावं देवळातल्यासारखी हात जोडून घेतात. नातू आत आहे. आजोबांनी त्याला सकाळपासून एक शब्द विचारलेला नाही. हात मात्र सारखे एकमेकांवर घासतायत.

या सगळ्या आकड्यांत मुलांच्या दृष्टीने खरा जीवघेणा आकडा वेगळाच आहे. प्रत्येक विषयात निदान 50 टक्के हवेत. एकात खूप आणि एकात कमी, असं चालत नाही. त्यामुळे गणितात शंभराच्या खाली गेलो असं मुलाला वाटलं की त्याच्या लेखी पुढचे दोन्ही पेपर संपले. बारा वर्षांच्या मुलाला हा नियम पाठ असतो, मोठ्यांनीच पाठ करून घेतलेला असतो. आणि मग हीच मोठी माणसं दोन पेपरांच्या मधे त्याला बसवून उत्तरं ताडून बघतात. मला याचा अर्थ आजवर लागलेला नाही. ताळा लागला तर एक मार्कही वाढत नाही. नाही लागला तर पुढचा पेपर जातो. इतका तोट्याचा सौदा बाजारात कुणी करणार नाही.

एक वाजता मुलं बाहेर येतात ती आवाज करत. सामान्य ज्ञान बरं गेलेलं दिसतंय. आता दीड तास आहे, ऊन चांगलं तापलंय, सगळ्यांना सावली हवी. एक कुटुंब जवळच्या हॉटेलात थाळी खायला निघतं, "आता दाबून जेव, दमलायस" म्हणत. मी गप्प राहते. गुलाबजाम आणि पुरी पोटात घालून अडीच वाजता इंग्रजी निबंध लिहायचा म्हणजे काय, ते मुलगा तीन वाजता बघेल. भाचीला मी डब्यातला निम्माच दहीभात देते. उरलेला साडेचारनंतर. ती कुरकुरते, मग लाडू मागते. देते.

फोन वाजतो. बहीण.

"कसं गेलं गणित?"

"दहीभात खाल्लाय, लाडू खाल्ला. दोनदा बाथरूमला जाऊन आली."

"अगं, मी गणिताचं विचारतेय."

"मी विचारलं नाही."

ती पलीकडे थोडा वेळ काही बोलत नाही. मग म्हणते, "वही तूच काढलीस ना?" आणि माझं उत्तर न ऐकता, "दे तिला फोन." भाची आईशी कुत्र्याबद्दल बोलते. आवारात एक पिल्लू आहे आणि ते पर्यवेक्षकांच्या मागे वर्गापर्यंत आलं होतं. तीन मिनिटं कुत्र्याबद्दल.

पाराशी मात्र काम चालू आहे. सरांनी मुलांच्या आठवणीतून गणिताचा पेपर एका कागदावर उतरवून काढलाय, शेजारी उत्तरं. कागदाभोवती डोकी जमतात, अकादमीची आणि बाहेरचीही. आष्टीचा मुलगा भेंड्यांच्या ओढीने तिकडे जातो आणि कागदापाशी अडकतो. मी इथून बघतेय. आधी त्याचे ओठ हलतात, मग बोटांची पेरं मोजली जातात, मग तो हळूच मागे सरतो.

सतरंजीवर येऊन वडिलांच्या पायाशी बसतो. "अण्णा, नव्वदच होत्यात."

वडील उठून बसतात. "कशाचं नव्वद?"

"गणिताचं. शंभर पाहिजेत. बाकीचं देऊन काय उपयोग? चला घरी."

आता आजूबाजूचे सगळे ऐकतायत आणि ऐकत नसल्यासारखं करतायत. लष्करी आजोबा काहीतरी प्रेरणादायी बोलायच्या तयारीत पुढे झुकतात. सर कागद घेऊन येतात, म्हणतात, बघू, पायऱ्यांना मार्क असतील, एखादं वाढेल. मुलगा मान हलवत नाही. डोळे भरलेत, पण अनोळखी माणसांत रडायचं नाही एवढं ठरवलेलं दिसतंय.

वडील खिशातून तंबाखूची डबी काढतात, शाळेची पाटी बघतात आणि परत ठेवतात. "आपली गाडी साडेपाचला हाये," ते म्हणतात. "आत्ता वाजलेत पावणेदोन. तवर हितं बसून काय करायचंय? जा, लिहून ये."

मुलगा वर बघतो.

"अन् कुत्रं कसं हाय ते पण लिव्ह. इंग्लिशमधी."

भाची खुदकन हसते. मुलगा तिच्याकडे रागाने बघतो, मग त्यालाही हसू येतं, नाक पुसत पुसत. आजोबा मागे टेकतात. त्यांचं भाषण राहिलं ते बरंच झालं. पायऱ्यांचे मार्क, जिद्द, पुन्हा जूनमध्ये येता येईल वगैरे सगळं खरं असेल, पण पावणेदोन वाजता त्या मुलाला हवं होतं ते फक्त पुढच्या दोन तासांचं काहीतरी कारण. एस्टीचं वेळापत्रक त्याला पुरलं.

मी त्याला उरलेल्या दहीभातातला थोडा देते. त्यांच्या फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आहे, त्यातली चतकोर भाकरी भाचीकडे येते. ती चटणीने हाय हाय करत पाणी पिते. दोघं उन्हाची तिरीप चुकवत सावलीत पाय पसरतात. झोपत नाहीत, नुसती पडून राहतात. मी घड्याळ बघते आणि दोन वाजता दोघांना उठवून तोंडावर पाणी मारायला पाठवते. झोप लागली असती तर इंग्रजीचा पहिला अर्धा तास जांभयांत गेला असता.

भाचीच्या पेनातली शाई निम्म्यावर आलीय. पिशवीत नवं पेन आहे, सर म्हणतात ते द्या. मी देत नाही. सकाळपासून ज्या पेनाला बोटं बसली आहेत तेच बरं. नवं खिशात ठेवते, लागलं तर काढेल.

सव्वादोनला फाटक उघडतं. निळे ट्रॅकसूट रांगेने आत जातात, त्यांच्यामागे बाकीची. "लेटर लिहिताना पत्ता कुठल्या बाजूला?" एक आई धावत जाऊन मुलाला विचारते आणि तो चालता चालता दोन्ही बाजू दाखवतो. भाची आणि आष्टीचा मुलगा जिन्यापर्यंत बरोबर जातात. मागे वळून कुणी बघत नाही. कुत्रं शोधत असावीत.

आष्टीचे वडील पंचा झटकून पुन्हा अंथरतात. "ताई, हितनं वाकडेवाडीला रिक्षा किती घेईल?"

मी सांगते, आणि हेही सांगते की शनिवारची संध्याकाळ आहे, साडेचारला मुलगा बाहेर आल्या आल्या निघा, नाहीतर साडेपाचची गाठणं कठीण. आमच्या गाडीने सोडते तुम्हाला.

"मग मला सव्वाचारला उठवा," ते म्हणतात आणि कुशीवर वळतात. मिनिटभरात घोरायला लागतात.

सर आपला कागद घेऊन माझ्या चादरीच्या कडेला येऊन बसतात. "तुमच्या मुलीने शेवटचं सोडवलं का हो? त्याचं उत्तर आमच्यातल्या तिघांचं तीन प्रकारे आलंय."

मी म्हणते, चहा घेणार का, आणि दोघांसाठी सांगायला टपरीकडे निघते.