परगांवीं शिकणाऱ्यांचें मन व मैदानावरील अर्धा तास

मुलगा किंवा मुलगी उच्च शिक्षणासाठीं परगांवीं निघाली कीं घरांतील सर्व मंडळी तयारीस लागतात. आजी लाडवांचा डबा भरते, काका तिकिटाची व्यवस्था पाहतात, वडील फीच्या हप्त्यांचा हिशेब मांडतात. कॉलेजचा लौकिक कसा, खाणावळींत जेवण कसें, येथपर्यंत चौकशी होते. पण मुलाचें मन तेथें कसें राहील, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. भरल्या घरांत उतरलेला चेहरा पाहून "काय रे, बरें नाहीं का?" असें म्हणणारें कोणी ना कोणी असतेंच. वसतिगृहाच्या खोलींत तें माणूस नसतें. रात्रीं जागरण, सकाळीं उशिरा उठणें, तास बुडविणें आणि अखेर कोणाशींच न बोलणें, अशा क्रमानें चांगल्या बुद्धीचीं मुलेंहि खिन्नतेच्या आहारीं जातात.

अशा मुलांसाठीं पुष्कळ विद्यापीठांच्या आवारांत आज विनामूल्य व्यायामवर्ग चालतात. कोठें योगासनें, कोठें संगीताच्या तालावर कवाइत, कोठें नुसतें धांवणें. अमेरिकेंतील कित्येक विद्यापीठें तर ऐन परीक्षेच्या आठवड्यांत असे वर्ग सर्वांस मोफत खुले करतात. अभ्यासाच्या दिवसांत हा वेळेचा अपव्यय नव्हे काय, अशी शंका वडील मंडळींच्या मनांत येणें साहजिक आहे. तिचा थोडा विचार करूं.

ही कल्पना कालपरवांची नव्हे. मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजचे अध्यक्ष स्टर्न्स यांना अभ्यासाच्या भारानें विद्यार्थ्यांची प्रकृति खालावते, ही चिंता लागून राहिली होती. त्यांच्या कारकीर्दींत १८६० सालीं कॉलेजनें व्यायामशाळा बांधली व आरोग्य आणि शारीरिक शिक्षण यांचें स्वतंत्र खातें उघडलें. १८६१ मध्यें तें डॉ. एडवर्ड हिचकॉक यांच्या हातीं आलें आणि १९११ सालीं मृत्यु येईपर्यंत, म्हणजे पन्नास वर्षें, त्यांनीं तें सांभाळलें. आठवड्यांतून चार दिवस, अर्धा अर्धा तास, हलके लांकडी डंबेल्स हातीं घेऊन पियानोच्या तालावर सारा वर्ग एकत्र व्यायाम करी. पैलवान निर्माण करणें हा हेतु नव्हता. सशक्त आणि अशक्त, सर्वांस एकच पंक्ति होती.

त्या काळीं अनुभवावर विसंबून केलेल्या या गोष्टीस पुढें शास्त्राचाहि आधार मिळाला. ड्यूक विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ जेम्स ब्लूमेंथल व त्यांचे सहकारी यांनीं खिन्नतेच्या विकारानें पीडित अशा, पन्नाशी ओलांडलेल्या १५६ स्त्रीपुरुषांवर केलेला प्रयोग १९९९ सालीं प्रसिद्ध झाला. कांहींना औषध, कांहींना देखरेखीखालीं व्यायाम व कांहींना दोन्ही, असा सोळा आठवड्यांचा क्रम होता. औषधाचा गुण आरंभीं लवकर दिसला. परंतु सोळा आठवड्यांच्या अखेरीस तिन्ही गटांची सुधारणा जवळजवळ सारखी होती.

याच संशोधकांनीं २००७ सालीं २०२ प्रौढांवरील दुसरा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांत देखरेखीखालीं गटानें व्यायाम करणाऱ्यांपैकीं शेंकडा ४५, घरीं एकट्यानें करणाऱ्यांपैकीं ४०, औषध घेणाऱ्यांपैकीं ४७, आणि ज्यांना औषधासारखी दिसणारी पोकळ गोळी दिली त्यांपैकीं ३१ लोक विकारमुक्त झाले. हे रुग्ण वयानें मोठे होते, हें विसरतां कामा नये. तथापि या आंकड्यांवरून एक बोध घेतां येतो. गटांतला व एकट्याचा व्यायाम यांत अंतर थोडेंच आहे. म्हणजे गुण मुख्यतः हालचालीचा आहे, व्यायामशाळेच्या भिंतींचा नाहीं.

मग वर्ग हवा कशाला? ज्याचें मन खचलें आहे, त्याला एकट्यानें अंथरुणांतून उठणें हेंच सर्वांत कठीण, म्हणून. वर्गाची वेळ ठरलेली असते, शेजारीं उभा राहणारा ठरलेला असतो. दोन दिवस गैरहजेरी झाली तर "कोठें होतास?" असा प्रश्न येतो. घरांतील आजी जें काम चेहरा पाहून करते, तेंच काम येथें हजेरी करते. माझें नसणें कोणाच्या तरी लक्षांत येतें, ही जाणीव एकाकी माणसास मोठा आधार देते.

वर्ग विनामूल्य असण्यालाहि महत्त्व आहे. पुष्कळ कॉलेजांत जिमखान्याची फी सर्वच भरतात. मैदान मात्र निवडक खेळाडूंचें होऊन बसतें. बुजरा, स्थूल किंवा गरीब विद्यार्थी तिकडे फिरकत नाहीं. वर्गास ना निवड हवी, ना शुल्क. मुलींना सोयीची वेळ आणि सुरक्षित जागा मात्र अवश्य हवी.

आपल्याकडे हा विचार परका नाहीं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं आपल्या संस्थानांतील शाळांत मुलामुलींस सूर्यनमस्कार घालावयास लावले. पुण्यांत कॅप्टन शिवरामपंत दामले यांनीं १९२४ सालीं महाराष्ट्रीय मंडळ स्थापिलें. सूर्यनमस्कारास लागते ती हातभर जागा. दहा जण जमले कीं वर्ग झाला. प्रौढांनीं आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम व्यायाम करावा, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं सांगितलें आहे. पांच दिवस अर्धा तास, एवढाच त्याचा अर्थ.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. व्यायाम म्हणजे वैद्य नव्हे. झोप व भूक आठवडेच्या आठवडे नाहींशी झाली असेल, किंवा जगण्याचाच कंटाळा बोलण्यांत येऊं लागला असेल, तर "मैदानावर जा, बरें वाटेल" असें म्हणून स्वस्थ बसूं नये. तत्काळ मनोविकारतज्ज्ञाकडे जावें. सरकारनें २०२२ सालीं सुरू केलेली टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र मिळते.

तेव्हां प्रवेश घेतेवेळीं ग्रंथालयाबरोबर तेथें व्यायामवर्ग आहे का, हेंहि पालकांनीं विचारावें. नसल्यास तो सुरू करण्याची मागणी करावी. आणि फोनवर "मार्क किती पडले?" हें विचारण्यापूर्वीं "आज मैदानावर कोण कोण आलें होतें?" असें विचारावें. त्या उत्तरांत चार नांवें आलीं, तर मूल तेथें एकटें नाहीं, असें समजावें.