'पंखा एवढा वाजतो?'

बावीस वर्षे मी रुग्णालयात परिचारिका होते. ती नोकरी सोडून पुण्यातल्या म्हाताऱ्या माणसांचे कान साफ करायला घरोघर जाऊ लागले, तेव्हा नातेवाइकांनी कपाळाला हात लावला. ''स्टेशनाबाहेर कान कोरणारे बसतात, तसंच ना?''

कारण होते माझे वडील. सत्तरीनंतर त्यांना ऐकू येईनासे झाले. वय झाले, असे म्हणून आम्ही आधी ओरडून बोलायचो, मग कामापुरते, मग तेही नाही. अखेर कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांतून दगडासारखा मळ काढला. बाबा दचकून म्हणाले, ''पंखा एवढा वाजतो?'' त्यानंतर ते चारच महिने जगले. परिचारिकेच्या घरात तीन वर्षे कोणी त्यांच्या कानात डोकावले नव्हते!

उतारवयात मळ कोरडा होतो, आपोआप बाहेर सरकत नाही. काडी, पिन तो आणखी आत ढकलते. हे काम मी त्याच डॉक्टरांकडे वर्षभर शिकले. आधी दुर्बिणीने पाहायचे. पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल, तर हात न लावता डॉक्टरांकडे पाठवायचे. मधुमेह असेल तर पाणी मारायचे नाही. इतरांना काही दिवस तेलाचे थेंब, मग अंगाइतके कोमट पाणी. गार पाण्याने चक्कर येते.

नसच कमजोर असेल, तर मळ काढून ऐकू येत नाही. तेही स्पष्ट सांगते. पण परवा एका आजींचा कान मोकळा झाला आणि त्या सुनेवर खेकसल्या, ''ओरडतेस काय गं? ऐकू येतंय मला!''

सून हसली आणि मग पदराने डोळे पुसू लागली.